व्हायोलिन बदलण्याआधी गिटारवाल्याशी बोला

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही नऊ वर्षं हिंदुस्थानी व्हायोलिन शिकलात, आता मित्रांच्या बँडमध्ये वाजवायला लागलात, आणि बँड १९६९ ते १९७७ च्या आसपासची रॉक गाणी करतो. घोडीला (तारा टेकतात त्या लाकडी पुलाला) छोटा पिकअप, म्हणजे कंपनांची वीज करणारा तुकडा, चिकटवून वायर सरळ मिक्सरमध्ये घातलीत, तर आवाज आला कानाशी डास गुणगुणावा तसा, आणि तोही गिटार थांबली तरच ऐकू येतो. गिटारवाला म्हणतो पाच तारांचं इलेक्ट्रिक व्हायोलिन घे. हाताशी चाळीस हजार आहेत. मग तुम्ही विचारलंय की झाँ-लुक पाँती, एडी जॉब्सन ही त्या काळची रॉक-जॅझमधली व्हायोलिनवाली मंडळी कुठलं व्हायोलिन वाजवायची, तसं आज कुठलं घेऊ, आणि शेवटी हेही की हे वाद्य रॉकमध्ये मुळात शोभतं का.

मी सत्तावीस वर्षं व्हायोलिन वाजवतोय, त्यातली अकरा रॉक बँडमध्ये गेली, बाकी भावगीतांचे कार्यक्रम आणि शिकवण्या. तुम्ही जिथे अडकलात तिथे मी दोन वर्षं अडकलो होतो म्हणून जरा लांबण लावतोय, वेळ काढून वाचा. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न कुठलं व्हायोलिन घ्यायचं हा नाहीये. चार माणसं जोरात वाजवत असताना व्हायोलिनला बसायला जागा कुठे आहे, हा आहे. ज्या रेकॉर्डी ऐकून तुम्हाला हे वेड लागलं त्यांच्यात ती जागा कुणीतरी मुद्दाम ठेवलेली होती, आणि जिथे ठेवली नाही तिथे उत्तम वाजवणारा माणूससुद्धा बुडला.

काही गोष्टी तुमच्या बँडवर अवलंबून आहेत आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत. गिटार एक आहे की दोन, कीबोर्ड आहे का, ड्रमर कसा मारतो, खोली केवढी आहे, आणि गिटारी नेहमीच्या ट्यूनिंगला आहेत की अर्धा सूर खाली. दोन गिटार अधिक कीबोर्ड असेल तर मी पुढे जे सांगतोय ते दुप्पट काटेकोरपणे पाळावं लागेल. एकच गिटार असेल तर तुमचं निम्मं काम झालेलंच आहे.

आता जागेचं म्हणजे नेमकं काय ते बघा. तुमची सगळ्यात खालची तार जी, म्हणजे १९६ हर्ट्झ. गिटारची खालची ई ८२ ची. म्हणजे खालच्या बाजूला गिटारकडे तुमच्यापेक्षा सव्वा सप्तक जास्त आहे. आणि वर बघितलं तर गिटारच्या बारीक तारेची बारावी पट्टी आणि तुमची मोकळी ई तार हा एकच स्वर आहे, ६५९ हर्ट्झ, म्हणजे गिटारवाला सोलो घ्यायला जिथे चढतो बरोबर तिथेच तुमचा सगळ्यात गोड भाग आहे. त्यात अजून एक गोष्ट कुणी फारशी बोलत नाही. साध्या गिटारचा स्वर छेडला की विरत जातो आणि व्हायोलिनचा गज फिरतोय तोवर टिकतो, हेच तर आपलं वेगळेपण. पण गिटारला डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणारं यंत्र) लावलं की तिचाही स्वर गज फिरवल्यासारखा लांबतो, वर ढीगभर उपस्वर तयार होतात आणि ते सगळी मधली जागा भरून टाकतात. तुम्ही वाजवताय ते मिक्सरवर दिसतंय, सुई हलतेय, पण कानाला वेगळं काही कळतच नाही. आवाज वाढवला तर गोंगाट वाढतो, व्हायोलिन वाढत नाही.

यातून त्या काळच्या लोकांनी वाटा काढल्या त्या ऐकून शिकण्यासारख्या आहेत, आणि मी स्वतः तिथेच शिकलो.

द हू या इंग्रज रॉक बँडचं 'बाबा ओ'रायली' घ्या, १९७१ चं. नावातले बाबा म्हणजे मेहेरबाबा, जन्म पुण्याचा, समाधी आपल्या नगरजवळ मेहेराबादला. बँडचा गिटारवाला पीट टाऊन्सहेंड त्यांचा भक्त होता. आणि रायली म्हणजे टेरी रायली हा अमेरिकन संगीतकार. गाण्यात कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे स्वरांचे गट, तीनच, एफ, सी आणि बी फ्लॅट. सुरुवातीचं ते गरगरणारं चक्र पुष्कळ लोक सिंथेसायझर समजतात, तो खरं तर लॉरी कंपनीचा घरगुती ऑर्गन आहे. मग पियानो येतो, ड्रम येतात, गायन, गिटार, सगळं येतं, आणि व्हायोलिन कुठेच नाही. गायन पूर्ण संपतं, गिटारच्या कॉर्डांचा मारा थांबतो, खाली ऑर्गनचं चक्र आणि कीथ मूनचे ड्रम एवढंच उरतं, आणि तेव्हा डेव्ह आर्बस शिरतो. हा ईस्ट ऑफ ईडन नावाच्या बँडचा माणूस, पाहुणा म्हणून आला होता. आयरिश नाचाच्या चालीसारखं काहीतरी संथ सुरू करतो आणि मग लय वाढवत वाढवत नेतो. तंत्र म्हणून बघाल तर त्यात तुम्हाला जमणार नाही असं काहीही नाही. पण पाच मिनिटांच्या गाण्यातलं शेवटचं सव्वा-दीड मिनिट अख्खं त्याला दिलंय, म्हणून पन्नास वर्षं झाली तरी लोकांना ते व्हायोलिन आठवतं. आणि सत्तरच्या दशकात ते गाणं स्टेजवर करताना द हूने व्हायोलिनवाला नेला नाही, तो भाग त्यांचा गायक रॉजर डाल्ट्री माऊथ ऑर्गनवर वाजवायचा आणि तेही चालायचं, कारण जागा तयारच होती. माझ्यासाठी हा सगळ्यात मोठा धडा होता.

दुसरं उदाहरण बॉब डिलनचा 'डिझायर' अल्बम, बहुतेक रेकॉर्डिंग १९७५ च्या जुलैमधलं. न्यू यॉर्कच्या रस्त्यावर एक बाई व्हायोलिनची पेटी घेऊन चालल्यात, डिलनने गाडी थांबवून त्यांना बोलावून घेतलं, त्या स्कार्लेट रिव्हेरा. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. मला त्यापेक्षा पुढची महत्त्वाची वाटते. सुरुवातीच्या सेशनला स्टुडिओत वीसेक माणसं होती, एरिक क्लॅप्टनसुद्धा होता, आणि ते जमेना. मग डिलनने माणसं कमी केली. बास, ड्रम, स्वतःची गिटार, सोबतीला एमिलू हॅरिसचा आवाज आणि रिव्हेराचं व्हायोलिन, एवढ्यावर बहुतेक अल्बम झाला. लीड गिटारची खुर्चीच रिकामी केली आणि तिथे व्हायोलिन बसवलं. 'हरिकेन' ऐका, गायनाची ओळ संपली रे संपली की व्हायोलिन उत्तर देतं, आपल्याकडे भावगीतात ओळीनंतर भरणा करतात ना, अगदी तसं. प्रभाकर जोगांचं वाजवणं ज्याने ऐकलंय त्याला हे काम नवीन नाही, तुम्हाला तर नाहीच नाही. गायक श्वास घेतो तेवढ्यात बोलायचं आणि तो परत आला की गप्प बसायचं.

आणि आता उलटं उदाहरण, जे मी माझ्या विद्यार्थ्यांना हमखास ऐकवतो. किंग क्रिमसन या इंग्रज बँडमध्ये १९७२ पासून डेव्हिड क्रॉस व्हायोलिनवर होता. 'लार्क्स टंग्ज इन अॅस्पिक' हा अल्बम १९७३ चा, त्याच्या पहिल्या तुकड्यात मध्ये सगळं शांत होतं आणि क्रॉसचं व्हायोलिन जवळजवळ एकटं बोलतं, अतिशय सुंदर आहे, रात्री हेडफोन लावून ऐका. पण हाच बँड स्टेजवर दिवसेंदिवस मोठ्याने वाजवायला लागला, जॉन वेटनचा बास आणि बिल ब्रुफर्डचे ड्रम, वर रॉबर्ट फ्रिपची गिटार. क्रॉस हळूहळू व्हायोलिन खाली ठेवून मेलोट्रॉन (टेपवरचे आवाज वाजवणारा कीबोर्ड) आणि इलेक्ट्रिक पियानोवर जास्त बसायला लागला. १ जुलै १९७४ ला न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये त्याचा त्या बँडबरोबरचा शेवटचा कार्यक्रम झाला. माणूस तयार होता, व्हायोलिनला पिकअप होता, अँप (आवाज वाढवणारं यंत्र) होता, सगळं होतं. जागा राहिली नव्हती. तुमच्या रिहर्सलमध्ये आत्ता जे होतंय ते त्याचंच लहान रूप आहे, त्यामुळे स्वतःला दोष देऊ नका.

तिसरी वाट म्हणजे गिटारशी भांडायचंच नाही, तिच्यासोबत तेच वाजवायचं. महाविष्णू ऑर्केस्ट्रा या जॅझ-रॉक बँडमध्ये जेरी गुडमन हेच करायचा. जॉन मॅकलॉफलिनची गिटार, यान हॅमरचा कीबोर्ड आणि गुडमनचं व्हायोलिन तिघं मिळून एकच अवघड ओळ एकदम उचलायचे आणि त्या तिघांच्या मिश्रणातून एक चौथंच वाद्य तयार झाल्यासारखं वाटतं. 'द इनर माउंटिंग फ्लेम' १९७१ चा आणि 'बर्ड्स ऑफ फायर' १९७३ चा, हे दोन अल्बम तुम्ही ऐकलेच असतील. नसतील तर आजच ऐका. पहिल्या अल्बममध्ये 'अ लोटस ऑन आयरिश स्ट्रीम्स' आहे, त्यात ड्रम नाहीतच, नुसती साधी गिटार, पियानो आणि व्हायोलिन, तिथे गुडमनचा खरा आवाज कळतो. सोलो घ्यायचे तेव्हा आळीपाळीने घ्यायचे, दोन-दोन चार-चार मात्रांची देवाणघेवाण, म्हणजे आपली सवाल-जवाबाचीच रीत. मॅकलॉफलिन पुढे गिटारचा तो दणदणाट सोडून 'शक्ती' नावाच्या बँडकडे वळला, एल. शंकर व्हायोलिनवर, आपल्या माहीमचे झाकीर हुसेन तबल्यावर, विक्कू विनायकराम घटमवर, सगळे मांडी घालून बसलेले, पहिला अल्बम १९७६ ला आला. तो रॉक नाही, पण तुमच्या हाताला सगळ्यात जवळचं ते आहे. गज किती हलका ठेवूनही वेग येतो ते शंकरकडे बघून कळतं.

चौथी वाट षड्जाची. द व्हेल्व्हेट अंडरग्राऊंडचा १९६७ चा पहिला अल्बम, त्यात जॉन केल व्हियोला (व्हायोलिनचं जरा मोठं, खालच्या सुराचं भावंड) वाजवतो. त्याने घोडी घासून सपाट केली होती, म्हणजे गज एका वेळी तीन-तीन तारांवर टेकायचा, आणि तारा गिटार-मँडोलिनच्या लावल्या होत्या. 'व्हीनस इन फर्स' मध्ये तो चाल वाजवतच नाही, नुसता एक करकरीत स्वर धरून ठेवतो आणि अख्खं गाणं त्या स्वरावर उभं राहतं. केल त्याआधी ला माँट यंग या अमेरिकन संगीतकाराबरोबर तासन् तास एकच स्वर धरायचं काम करत होता, आणि हा यंग आणि वर सांगितलेला टेरी रायली दोघंही १९७० मध्ये किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे शिष्य झाले. म्हणजे रॉकमधल्या त्या लांब लांब स्वरांचं आणि आपल्या तानपुऱ्याचं नातं ओढूनताणून जोडलेलं नाहीये. तुमच्या बँडमध्ये ज्या गाण्यात व्हायोलिनला काहीच काम नाही असं वाटतं त्या गाण्यात हा प्रयोग करा. सा किंवा प धरा, गज अगदी सावकाश, कडवंभर. गिटारवाल्याला कळणार पण नाही आणि तुम्ही थांबलात की मात्र सगळ्यांना काहीतरी गेल्यासारखं वाटेल.

बाकीचे पटापट सांगतो. डॉन 'शुगरकेन' हॅरिस, मूळचा ब्लूजचा माणूस, फ्रँक झप्पाच्या १९६९ च्या 'हॉट रॅट्स' मध्ये 'विली द पिंप' ची सुरुवातीची धून त्याच्या व्हायोलिनची आहे, घाण, खरखरीत, गिटारसारखी, आणि तीच धून गाण्याचा पाया असल्यामुळे ऐकू येण्याचा प्रश्नच नाही. डेव्ह स्वॉर्ब्रिक, फेअरपोर्ट कन्व्हेन्शन, 'लीज अँड लीफ', तेही १९६९, इंग्लंडच्या लोकगीतांचं फिडल रिचर्ड थॉम्पसनच्या गिटारशी गप्पा मारतं. कर्व्ह्ड एअर या बँडचा डॅरिल वे, १९७० चा 'विवाल्डी' हा तुकडा, त्यात मध्ये व्हायोलिन एकटंच इकोशी खेळतं. कॅन्ससचं 'डस्ट इन द विंड' १९७७ चं, साध्या गिटारींच्या छेडण्यावर रॉबी स्टाइनहार्टचं व्हायोलिन आणि व्हियोला, ड्रमचा मारा नाही. इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्राच्या 'लिव्हिंग थिंग' ची सुरुवात मिक कॅमिन्स्कीच्या व्हायोलिनने होते, म्हणजे बँड शिरायच्या आधीच त्याने बोलून घेतलेलं असतं.

आत्तापर्यंतचं एका ओळीत सांगायचं तर एकतर सगळे गप्प झाल्यावर बोला, नाहीतर गायकाच्या श्वासात बोला, नाहीतर गिटारच्या बरोबर तेच बोला, नाहीतर एकच स्वर धरून बसा. या चारात न बसणारी, गिटार कॉर्ड ठोकतेय आणि तुम्ही तिच्यावर स्वतंत्र चाल वाजवताय अशी जी पाचवी परिस्थिती असते, तीच बहुतेक तुमच्याकडे चालू आहे.

आता तुम्ही जे थेट विचारलंत त्याचं उत्तर. पाँती सत्तरच्या दशकात बार्कस-बेरी कंपनीचं इलेक्ट्रिक व्हायोलिन वाजवायचा, आणि त्याच्याकडे व्हायोलेक्ट्रा म्हणून एक होतं जे एक सप्तक खाली बोलायचं. वाह-वाह, फेझर, इको ही आवाज बदलणारी सगळी यंत्रं तो लावायचा. जॉब्सन, जो सतराव्या वर्षी डॅरिल वेच्या जागी कर्व्ह्ड एअरमध्ये आला आणि पुढे रॉक्सी म्युझिक, झप्पा आणि 'यू.के.' नावाच्या बँडमध्ये गेला, त्याचं ते आरपार दिसणारं, पारदर्शक प्लॅस्टिकचं व्हायोलिन प्रसिद्ध आहे. पण पाँतीचा आवाज पाँतीसारखा येतो तो बार्कस-बेरीमुळे नाही. तो पॅरिस कॉन्झर्व्हेटवारचा, मग तीन वर्षं सिंफनी ऑर्केस्ट्रात, आणि त्यानंतर जॅझमध्ये आला तेव्हा त्याने व्हिब्रॅटो (बोट हलवून स्वर थरथरवणं) जवळजवळ काढून टाकला आणि सॅक्सोफोनवाले जशी वाक्यं टाकतात तशी टाकायला लागला. स्वर सरळ, टोकदार, हलत नाही. इलेक्ट्रिक वाद्यावर तोच चालतो. आणि त्याच्या स्वतःच्या बँडमध्ये, १९७७ च्या 'एनिग्मॅटिक ओशन' मध्ये ॲलन होल्ड्सवर्थसारखा गिटारवाला असूनसुद्धा कुणी कधी बोलायचं हे तो स्वतः लिहायचा.

पाच तारांचं म्हणाल तर मी आत्ता नाही म्हणेन. पाचवी तार म्हणजे खालची सी, १३१ हर्ट्झ. तुम्ही आधीच गिटारच्या गर्दीत हरवताय आणि ती तार तुम्हाला अजून आत घेऊन जाणार. 'इट्स अ ब्यूटिफुल डे' या बँडचा डेव्हिड लाफ्लेम पाच तारी वाजवायचा आणि छान वाजवायचा, पण त्यांचं 'व्हाइट बर्ड' ऐकलंत तर कळेल की तिथे गर्दीच नाहीये.

डासाचा आवाज मात्र खरोखर यंत्राचा दोष आहे आणि तो स्वस्तात जातो. तुमचा पिकअप पिएझो जातीचा आहे, घोडीवर चिकटतात ते जवळपास सगळे तसेच असतात. पिएझो म्हणजे विजेच्या भाषेत एक छोटा कपॅसिटर. त्याला पुढे जे यंत्र लावाल त्याचा इनपुट इंपीडन्स (आत येणाऱ्या विजेला होणारा अडथळा) कमी असेल तर खालचा सगळा आवाज कापला जातो आणि वरची चरचर तेवढी पुढे जाते. मिक्सरचा साधा लाइन इनपुट साधारण दहा-वीस हजार ओहमचा असतो, पिएझोला लागतो कमीत कमी दहा लाख ओहम, म्हणजे १ मेगाओहम, आणि १० असेल तर उत्तम. म्हणून पिकअप आणि मिक्सरच्या मध्ये एक प्रीअँप, म्हणजे आवाज आधीच सावरून पुढे देणारी छोटी पेटी, पाहिजे, पिएझोसाठी असं स्पष्ट लिहिलेला. मी पहिल्यांदा लावला तेव्हा माझी सगळ्यात खालची 'जी' तार मला परत सापडली, खरंच सांगतो, डोळ्यांत पाणी आलं होतं. प्रीअँपवर १८० च्या खालचं कापून टाका कारण तिथे तुमचा स्वर नाहीच, फक्त पायांची आणि गजाची धडधड आहे, आणि अडीच-तीन हजार हर्ट्झच्या आसपास थोडंसं उतरवा. किती ते खोलीवर ठरेल, पण थोडंसंच, नाहीतर धार जाते आणि मग परत ऐकू येईना.

यानंतर फीडबॅकचा, म्हणजे स्पीकरचा आवाज परत पिकअपमध्ये शिरून भोंगा वाजण्याचा, त्रास येईल, कारण आता खालचे स्वर मोकळे झालेले असतील. माझा एक मोठा कार्यक्रम याच्यापायी गेलाय, उघड्या मैदानावर, एका कॉलेजच्या गॅदरिंगला, डी तार वाजवली की भोंगा सुरू, साऊंडवाला वरची शिट्टी शोधत बसला आणि त्रास होता खाली. व्हायोलिनच्या पोकळीचा स्वतःचा हुंकार साधारण २७०-२८० हर्ट्झला असतो, मोकळ्या डी तारेच्या जरा खाली, आणि मॉनिटरने (वाजवणाऱ्याकडे तोंड केलेल्या स्पीकरने) तोच भाग पेटतो. उपाय दोन. इक्यूवर (कुठला सूर किती ठेवायचा त्या बटणांवर) तेवढीच अरुंद पट्टी खाली घ्या, आणि व्हायोलिनच्या अंगावरच्या दोन्ही एफ-होलमध्ये, म्हणजे f आकाराच्या फटींमध्ये, कानात घालायचे फोमचे बोळे हलकेच बसवा. आवाज स्टेजवर जरा कोरडा होतो पण समोर ऐकणाऱ्याला फरक कळत नाही. आणि गिटारचा अँप तुमच्या पाठीमागे कधीही नको, बाजूला सरकवायला सांगा.

वाजवण्यात काय बदलायचं. गजाचा दाब कमी, लांबी जास्त. मैफलीत शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला आपण दाबतो, पिकअपवर त्या दाबाची नुसती खरखर होते. ओव्हरड्राइव्ह (सौम्य डिस्टॉर्शन) लावलंत तर एका वेळी एकच तार, फार तर सा-प जोडी, बाकी कुठलीही जोडी चिखल होते. इको किंवा डिले साडेतीनशे मिलिसेकंदांच्या आसपास ठेवून बघा, रिव्हर्ब अगदी कमी. मींड ही तुमची ठेव आहे, ती सोडू नका, फक्त आखूड करा. ब्लूजच्या गाण्यात गंधार कोमल आणि शुद्धच्या मध्ये कुठेतरी लोंबकळतो, तो पकडायला पाश्चात्त्य पद्धतीत शिकलेल्या मुलांना वर्ष-वर्ष लागतं, तुमच्या बोटाला तो आत्ताच माहीत आहे.

पण त्याच गंधारात एक खड्डाही आहे. तुमच्या गुरूंनी तानपुऱ्यावर जो शुद्ध गंधार पक्का करून घेतला तो षड्जापासून ३८६ सेंटवर असतो (एका सप्तकाचे १२०० सेंट धरतात), आणि गिटार-कीबोर्डचा ४०० वर. चौदा सेंटचा फरक. मैफलीत तुमचा बरोबर, बँडमध्ये तोच उतरलेला वाटतो आणि मग कुणीतरी म्हणतं व्हायोलिन बेसूर आहे. पंचमात हा त्रास नाही, तिथे फरक दोनच सेंटचा. कीबोर्ड मोठी कॉर्ड धरत असेल तर गंधार अंमळ चढा घ्या, कान आधी नाही म्हणेल पण घ्या. गिटारवाला नुसत्या पॉवर कॉर्ड वाजवत असेल, म्हणजे सा आणि प, तर गंधार कॉर्डमध्ये नाहीच, तिथे तुम्ही तुमचा खरा गंधार लावा, त्या दणदणाटावर तो असा उभा राहतो की अंगावर काटा येतो.

ट्यूनिंग जी-डी-ए-ई करा. सा-प-सा-प वर नऊ वर्षं काढल्यावर आठ-दहा आठवडे बोटं चुकतील. पण ही गाणी बहुतेक ई, ए, डी, जी मध्ये असतात आणि तिथे मोकळ्या तारा आपसूक झंकारतात, तो फायदा सोडण्यासारखा नाही. रियाझाचं व्हायोलिन वेगळं राहू द्या, घरात जुनं दुसरं असेल तर तेच बँडसाठी करा. उभं राहून वाजवायचं की बसून, हा तुम्ही विचारला नाही तरी येणारच. पायावर टेकवलेलं व्हायोलिन डावा हात पूर्ण मोकळा ठेवतं, उभं राहिलात की ते हनुवटी आणि खांद्याने धरावं लागतं आणि लांब मींड लगेच अडखळते. चांगला शोल्डर रेस्ट (खांद्यावर टेकायची गादी) घ्या, रोज वीस मिनिटं उभ्याने, आरशासमोर. तोवर स्टेजवर चौरंग टाकून बसलात तरी काही बिघडत नाही, शक्ती बसूनच वाजवायची आणि न्यू यॉर्क-लंडनचे लोक ऐकायला यायचे.

शोभतं का म्हणून विचारलंत. पिढ्यान् पिढ्या लग्नात, जत्रेत, बोटीवर लोकांना नाचवणारं वाद्य आहे हे, गिटारला वीज लागण्याच्या कितीतरी आधीपासून. शोभतं.

तर पैशाचं असं करा. चाळीसातले फार तर एक चतुर्थांश प्रीअँप, बरा पिकअप आणि शोल्डर रेस्टवर घाला, बाकीचे सहा महिने हात लावू नका. येत्या रिहर्सलला 'बाबा ओ'रायली' लावा, गिटारवाल्याला सांगा शेवटच्या भागात वाजवायचं नाही, नुसतं कीबोर्ड नाहीतर मोबाईलवरचं चक्र आणि ड्रम, आणि तुम्ही. एफ मध्ये आहे, मोकळ्या तारांचा आधार कमी मिळेल, हरकत नाही. फोनवर रेकॉर्ड करा, ड्रमपासून लांब ठेवून. मग त्याच दिवशी तुमचं नेहमीचं एक गाणं, गिटार जशी वाजते तशीच ठेवून, तेही रेकॉर्ड करा. दोन्ही इथे टाका आणि सोबत गिटारीचं ट्यूनिंग लिहा, म्हणजे तुमच्या व्हायोलिनला अजून काही लागतंय का ते ऐकूनच सांगता येईल.